घरच्या एस्प्रेसो मशीनसाठी कॉफीच्या बिया कशा निवडाव्यात

एस्प्रेसो मशीन विकत घेताना आपण महिनाभर चौकशी करतो, ओळखीच्या चार जणांना विचारतो, किमतीची घासाघीस करतो. त्या मशीनमध्ये रोज जी कॉफी घालायची ती मात्र दुकानात समोर जे पाकीट दिसेल ते उचलून आणतो. मग कप कधी आंबट होतो, कधी कडवट, कधी नुसताच पाणचट, आणि दोष मशीनच्या माथी मारला जातो. साधे मशीन आणि योग्य, ताज्या बिया यांतून समाधानकारक कॉफी निघते, पण महागडे मशीन आणि सादळलेल्या बिया यांतून ती कधीही निघत नाही. म्हणून बडोद्यातील ज्या घरांत नुकतेच मशीन आले आहे, किंवा येऊन बरेच दिवस झाले तरी त्याची चव जमलेली नाही, त्यांच्यासाठी बियांची निवड कोणत्या क्रमाने करावी हे येथे सविस्तर मांडत आहे. मळा, जात, चवीचे वर्णन या गोष्टी या क्रमात शेवटी येतात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

कॉफी दुधातली की कोरी

पाकिटाकडे वळण्यापूर्वी घरात कॉफी कशी प्यायली जाते हे प्रामाणिकपणे पाहावे. आपल्याकडे दहांपैकी नऊ घरांत ती दुधातून प्यायली जाते, आणि दूधही बहुधा दाट असते. आणंद जवळ असल्यामुळे बडोद्यात दुधाच्या पिशव्यांची निवड भरपूर आहे: अमूल गोल्डमध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, शक्तीमध्ये ४.५ टक्के आणि ताजामध्ये ३ टक्के. हा फरक बियांच्या निवडीशी थेट जोडलेला आहे. स्निग्धांश जितका जास्त, तितकी कॉफीतील फळांसारखी आंबटगोड छटा झाकली जाते. आणि दाट दुधातून वर येते ती फक्त भाजल्याची खमंग चव, चॉकलेटसारखा कडसरपणा आणि सुक्यामेव्याची आठवण देणारी छटा. नाजूक, फिकट भाजलेल्या, महागड्या बिया आणून त्यांचा ३६ ग्रॅमचा शॉट, म्हणजे मशीनमधून एका वेळी निघणारी दाट कॉफी, दीडशे मिलिलिटर गोल्ड दुधात ओतला, तर कपात कॉफी आहे की नाही असाच प्रश्न पडेल. त्याच बिया कोऱ्या प्यायल्या तर त्यांची किंमत वसूल होते.

रोस्ट म्हणजे बिया किती गडद भाजल्या आहेत ते. तेव्हा दुधातून पिणाऱ्यांनी मीडियम-डार्क रोस्टपासून सुरुवात करावी, आणि कोरी कॉफी किंवा अमेरिकानो, म्हणजे गरम पाणी मिसळलेला शॉट, पिणाऱ्यांनी मीडियम रोस्टपासून. साखर घालणाऱ्यांनी थोडा कडवेपणा असलेल्या बियांना घाबरू नये, कारण साखर त्या कडवेपणाला तोलून धरते. उलट मुळातच गोडसर, मऊ चवीच्या बियांत साखर पडली की कॉफी गुळमट लागते. अनेक मराठी घरांत कॉफीला जायफळाचा वास हवाच असतो, आणि तो डार्क रोस्टबरोबर फार छान जुळतो. मात्र जायफळ कपातल्या फेसावर किसावे. ते बियांबरोबर ग्राइंडरमध्ये कधीही घालू नये, कारण त्याचे तेल ग्राइंडरच्या पात्यांना धरून बसते आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरते. हेझलनट, व्हॅनिला वगैरे सुगंध चढवलेल्या बियांनाही हेच लागू आहे. सुगंध हवाच असेल तर तो दुधात घालावा.

घरात दोन प्रकारचे पिणारे असतील, म्हणजे आईवडिलांना दाट दुधाची गोड कॉफी आणि मुलाला कोरी, तर दोन वेगळी पाकिटे फोडण्याचा मोह टाळावा. एका वेळी एकच पाकीट उघडे ठेवून ते ताजे असताना संपवणे हे दोन अर्धवट पाकिटांपेक्षा केव्हाही बरे, आणि अशा घरात मीडियम व मीडियम-डार्क यांच्या सीमेवरचा रोस्ट दोघांनाही चालून जातो.

रोबस्टाबद्दलचा गैरसमज

अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीचे दोन मुख्य प्रकार. ‘शंभर टक्के अरेबिका’ ही अक्षरे पाकिटावर इतक्या मोठ्या आकारात छापली जातात, की रोबस्टा म्हणजे भेसळ अशी अनेकांची समजूत झाली आहे. ती समजूत सोडून देणे आवश्यक आहे, विशेषतः आपल्या देशात, जिथे एकूण कॉफी उत्पादनात रोबस्टाचा वाटा सुमारे ७० टक्के आहे आणि जिथे उत्तम प्रतीचा धुतलेला, म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून मग वाळवलेला, रोबस्टा तयार होतो.

अरेबिकात साखर आणि तेल जास्त असते, त्यामुळे तिचा सुगंध आणि गोडवा अधिक असतो. रोबस्टात कॅफीन जवळपास दुप्पट, म्हणजे अरेबिकाच्या साधारण १.२ टक्क्यांच्या तुलनेत २.२ टक्क्यांच्या आसपास असते, त्याची चव अधिक जड व कडसर असते, आणि शॉटवर येणारा तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, त्यामुळे दाट व टिकाऊ होतो. इटलीत, विशेषतः दक्षिणेकडे, एस्प्रेसोच्या मिश्रणात रोबस्टा घालण्याची जुनी रीत आहे ती याच कारणांसाठी. दाट दुधातून पिणाऱ्या घराला १५ ते ३० टक्के रोबस्टा असलेले मिश्रण मी निःसंकोच सुचवेन. तेवढ्याने कॉफीला असे वजन येते, की दूध आणि साखर पडल्यावरही ती दबत नाही.

अट एवढीच, की रोबस्टा चांगल्या प्रतीचा असावा. फळासकट वाळवलेला हलका रोबस्टा ओल्या गोणपाटासारखा किंवा जळक्या रबरासारखा लागतो आणि गैरसमज पसरतो तो त्यामुळेच. धुतलेल्या रोबस्टाला आपल्याकडे ‘रोबस्टा पार्चमेंट’ म्हणतात आणि त्यातील निवडक प्रतीला ‘कापी रॉयल’ हे नाव आहे. पाकिटावर यांपैकी काही लिहिलेले दिसले, तर विक्रेत्याने रोबस्टा विचारपूर्वक वापरला आहे असे समजायला हरकत नाही. ज्यांना रात्री झोप न येण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र संध्याकाळच्या कपासाठी शुद्ध अरेबिकाच घ्यावी.

मशीन आणि ग्राइंडर काय पेलतात

घरगुती मशीनच्या खोक्यावर १५ किंवा २० बार (दाबाचे एकक) असा आकडा असतो. प्रत्यक्ष एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब लागतो, तेव्हा त्या आकड्याने भारावून जाऊ नये. त्याऐवजी पोर्टाफिल्टरमधील, म्हणजे मशीनला अडकवायच्या दांडीच्या भांड्यातील, बास्केट (पूड भरायची छोटी वाटी) काढून उजेडात धरावी. तळाला बारीक छिद्रांची जाळी असून पलीकडचा उजेड सगळीकडून दिसत असेल, तर ती साधी बास्केट. आतून जाळी दिसते पण बाहेरच्या बाजूला एकच टाचणीएवढे छिद्र असेल, तर ती दुहेरी तळाची, म्हणजे दाब स्वतः निर्माण करणारी बास्केट. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक मशीनबरोबर ही दुसरी येते.

दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये त्या एका छिद्रातून जोराने बाहेर पडताना कॉफीला फेस येतो, त्यामुळे बिया शिळ्या असल्या तरी वर फेस दिसतोच. त्या फेसावरून बियांची पारख करता येत नाही. ही बास्केट दळण्यातील चुका बऱ्याच प्रमाणात पोटात घालते, पण चवीतील बारकावेही पुसून टाकते. अशा मशीनसाठी मीडियम-डार्क रोस्टच घ्यावा. फिकट रोस्टच्या बिया टणक असतात, पाण्यात कमी विरघळतात, त्यांना ९४-९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी आणि अतिशय बारीक, एकसारखे दळण लागते. तापमानावर ज्यांचा ताबा नाही अशी छोटी मशीन तेवढे सातत्य देऊ शकत नाहीत आणि शॉट लिंबासारखा आंबट निघतो. गडद भाजलेल्या बिया ठिसूळ असतात, लवकर विरघळतात, आणि पाणी ९० अंशांच्या जवळपास असले तरी चव सोडतात. म्हणून नवख्या हाताला आणि साध्या मशीनला त्याच सोयीच्या.

ग्राइंडरबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: स्वयंपाकघरातील मिक्सरच्या भांड्यात एस्प्रेसोसाठी बिया दळू नयेत. मिक्सरमध्ये काही पूड वस्त्रगाळ होते आणि काही भरडच राहते. बारीक भागातून कडवेपणा येतो, भरड भागातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात उतरतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी दळणारा बर ग्राइंडर, मग तो हाताने फिरवायचा का असेना, घेता येत असेल तर घ्यावा. नसेल तर रोस्टरकडूनच, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याकडूनच, ‘घरगुती एस्प्रेसो मशीन, दुहेरी तळाची बास्केट’ असे स्पष्ट सांगून पूड दळून घ्यावी, पण ती शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त मागवू नये. दळलेल्या कॉफीचा सुगंध अखंड बियांच्या मानाने फार लवकर उडतो.

बियांची टाकी असलेले पूर्ण स्वयंचलित मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी तेलाने चकाकणाऱ्या, अतिगडद बिया टाळाव्यात. ते तेल आतल्या ग्राइंडरमध्ये साचते, पूड चिकटून वाट अडते, आणि तो भाग घरी उघडून साफ करणे बहुतेक मशीनमध्ये सोपे नसते.

चिकोरी (एका वनस्पतीचे भाजलेले मूळ) मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड एस्प्रेसो मशीनमध्ये वापरू नये. कायद्याने अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली म्हणजे पुरते, उरलेली चिकोरी असू शकते, आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते, दाबाखाली बास्केटची छिद्रे बुजवते. ती दाक्षिणात्य फिल्टरसाठीच योग्य, आणि तिथे ती उत्तमच लागते. इन्स्टंट कॉफी तर पोर्टाफिल्टरमध्ये कधीच घालू नये.

भाजल्याची तारीख

या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की ज्या पाकिटावर बिया भाजल्याची तारीख नाही ते पाकीट घेऊ नये. ‘अमुक महिन्यापूर्वी वापरावे’ ही तारीख वेगळी. ती बहुधा भाजल्यानंतर सहा महिने किंवा वर्षभराची असते आणि तिचा अर्थ तोपर्यंत कॉफी विक्रीयोग्य राहील इतकाच. तोपर्यंत ती ताजी असतानाइतकी चवदार राहतेच असे नाही. कॉफीच्या बियांतही तेल असते, आणि भाजून डब्यात विसरलेल्या शेंगदाण्यांना जसा खवट वास येऊ लागतो तसाच तो यांनाही येतो.

मांजलपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीने एकदा नवे पाकीट फोडून मूठभर बिया ताटलीत ओतल्या आणि विचारले, “अरे, या तेलकट का दिसतात? डार्क रोस्टला तेल सुटतं असं तूच म्हणाला होतास ना?” मी म्हटले, “हो गं मावशी, पण पाकिटावर रोस्ट कोणता लिहिलाय ते बघ.” त्यावर ‘मीडियम’ असे लिहिले होते. खरोखर डार्क भाजलेल्या बिया थोड्याच दिवसांत चकाकू लागतात आणि त्यात काही गैर नाही. मीडियम रोस्टच्या तांबूस-तपकिरी बीवर तेलाचे डाग दिसले, तर ती जुनी आहे किंवा बराच काळ उन्हाळ्याच्या गोदामात पडून होती असे समजावे. मावशीच्या त्या बिया बोटांत चोळल्या तर बोट चिकट होत होते आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा येत होता. पाकिटावर भाजल्याची तारीख नव्हतीच. ताजी बी दाताखाली कट्‌कन फुटते आणि तिचा वास नाकाशी नेण्याआधीच जाणवतो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. आजच भाजलेल्या बिया आजच वापरणे एस्प्रेसोसाठी योग्य नाही. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो आणि तो पुढचे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. पाकिटावर जी बटणासारखी झडप असते ती हा वायू बाहेर जाऊ देण्यासाठी आणि बाहेरची हवा आत येऊ न देण्यासाठी. वायू भरपूर असताना शॉट काढला, तर पाणी पुडीत नीट शिरत नाही, फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा येऊन लगेच विरतो आणि चव तीक्ष्ण लागते. डार्क रोस्टला भाजल्यापासून सुमारे आठवडाभर, मीडियमला आठवडा ते दोन आठवडे आणि लाइटला त्याहूनही अधिक विश्रांती द्यावी. त्यानंतरचे तीन-चार आठवडे बियांचे सर्वांत चांगले दिवस. पाकीट उघडल्यावर मात्र ते दोन-तीन आठवड्यांच्या आत संपवावे.

बडोद्याला याचा एक फायदाच होतो. बेंगळुरू किंवा चिकमगळूरच्या रोस्टरकडून मागवलेले पाकीट येथे पोहोचायला सहज तीन ते पाच दिवस लागतात, आणि ते दिवस विश्रांतीतच मोजले जातात. फक्त एप्रिल ते जून या काळात मागणी सोमवारी नोंदवावी, म्हणजे पाकीट शनिवार-रविवार कुरिअरच्या तापलेल्या गोदामात अडकून पडण्याची शक्यता कमी होते. शहरातल्या एखाद्या कॅफेतून बिया घेत असाल तर काउंटरवर थेट विचारावे, “या बिया कोणत्या तारखेला भाजल्यात?” ज्याला कॉफीची कदर आहे तो पाकीट उलटून तारीख दाखवेल.

पाकिटावरचे बाकीचे शब्द

तारीख आणि रोस्ट पाहून झाले की मग प्रदेशाकडे वळावे. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी आणि आंध्रातील अराकू येथील अरेबिका, तसेच वायनाडचा रोबस्टा, यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भारतीय अरेबिका बहुतांश सावलीच्या झाडांखाली, मिरीच्या वेलांच्या संगतीने वाढते, आणि तिची आम्लता सहसा सौम्य असते. एस्प्रेसोत आम्लता अधिक ठळक होते, म्हणून ही सौम्यता घरगुती मशीनला अनुकूलच ठरते. पहिल्याच खरेदीत इथिओपिया किंवा केनियाच्या बियांमागे धावण्याचे कारण नाही. त्या कोऱ्या पिण्याच्या आहेत आणि त्यांना चांगला ग्राइंडर हवा.

जातींपैकी एस. ७९५ हे नाव वारंवार दिसेल. कर्नाटकातील बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून १९४० च्या दशकात बाहेर पडलेली ही जात आजही भारतीय अरेबिकाचा कणा आहे आणि तिची संतुलित, किंचित मसालेदार चव मीडियम-डार्क रोस्टमध्ये खुलते. ‘प्लँटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. त्यापुढची एए, ए, बी ही अक्षरे दाण्याच्या आकाराची आहेत. एकसारख्या आकाराचे दाणे एकसारखे भाजले जातात हे खरे, पण एए म्हणजे चवीला पहिला नंबर असा त्याचा अर्थ नाही. पीबी, म्हणजे फळात एकच गोल बी तयार होणारी पीबेरी, हिच्यासाठी जादा पैसे मोजण्याची मला तरी गरज वाटत नाही.

प्रक्रियेबाबत सावध असावे. धुतलेल्या बियांची चव स्वच्छ आणि अपेक्षेप्रमाणे येते. नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेल्या अरेबिकाला पिकलेल्या फळांचा गोडवा असतो, पण त्यात कधीकधी आंबवल्याची छटा उतरते आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती कॉफी खराब झाल्यासारखी वाटू शकते. पुष्कळ काळ हवाबंद आंबवलेल्या प्रायोगिक बिया तर दुधात सहसा शोभत नाहीत.

मान्सून्ड मलबारचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण दुधातून पिणाऱ्या आणि आंबटपणा अजिबात न चालणाऱ्या घरासाठी ती फार चांगली निवड आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना अनेक महिने दमट हवा लागून कच्च्या बिया फुगायच्या, फिकट पिवळ्या व्हायच्या आणि त्यांचा आंबटपणा उतरायचा. ती चव तिकडच्या लोकांना आवडू लागली होती. प्रवासाचा काळ घटल्यावर तोच परिणाम साधण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत बिया पसरून त्यांना जूनपासूनचे पावसाळी वारे मुद्दाम दिले जाऊ लागले, आणि आजही दिले जातात. कपात ही कॉफी जड, मऊ, किंचित मातकट लागते. कोरी प्यायला ती सर्वांना रुचेल असे नाही. मिश्रणात किंवा दुधात मात्र तिला तोड नाही.

चवीच्या वर्णनाला, म्हणजे ‘संत्रे, मध, चमेली’ अशा शब्दांना, दिशादर्शक खुणा एवढेच महत्त्व द्यावे. चॉकलेट, कॅरॅमल, भाजलेले बदाम, गूळ असे शब्द असतील तर त्या बिया दुधाला चालतात. फुले आणि लिंबूवर्गीय फळे यांची नावे असतील तर त्या कोऱ्या पिण्यासाठी आहेत.

पहिली खरेदी आणि तिची परीक्षा

पहिल्यांदा २५० ग्रॅमचे एकच पाकीट घ्यावे. दुहेरी शॉटला १८ ग्रॅम धरले तर त्यात तेरा-चौदा शॉट बसतात, आणि त्यांपैकी दोन-तीन दळण जुळवण्यात जाणार हे गृहीत धरावे. रोज दोघांचे दोन दुहेरी शॉट होत असतील तर ते पाकीट जेमतेम आठवडाभर पुरते, एकट्यासाठी दोन आठवडे. लहान बास्केटच्या मशीनमध्ये १८ ग्रॅम मावत नाहीत. तिथे १४ ग्रॅम घेऊन पुढचे प्रमाण त्याच हिशेबाने ठेवावे. अर्धा ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा नसेल तर तो बियांच्या आधी आणावा, कारण चमच्याने मोजलेल्या कॉफीवरून बियांबद्दल कोणतेही मत बनवता येत नाही.

१८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, ही सुरुवात. शॉट पंधरा सेकंदांत धो धो वाहून गेला, रंग लगेच फिकट पडला आणि चव आंबट, पातळ लागली, तर दळण बारीक करावे. थेंब थेंब करत चाळीस सेकंद लागले आणि जिभेला कोरडेपणा जाणवला, तर भरड करावे. नीट जुळलेला शॉट आधी काळपट थेंबांनी सुरू होतो, मग मधासारख्या दाट धारेत बदलतो आणि शेवटी पिवळसर होऊ लागतो. वजन कायम ठेवून एका वेळी फक्त दळण बदलावे; सगळेच एकदम बदलले तर काय सुधारले आणि काय बिघडले ते कळत नाही. डार्क बियांवरून मीडियमवर आलात तर दळण बारीक करावे लागेल हे आधीच लक्षात ठेवावे.

घरात दुधातूनच पीत असले तरी नव्या बियांचा जुळलेला शॉट आधी अर्धा चमचा कोराच चाखावा आणि मग दूध घालून पुन्हा चाखावा. कोरा असताना जरा कडक वाटलेला शॉट दुधात अगदी नेमका लागतो, असे वारंवार घडते. दळण जुळूनही आंबटपणा जात नसेल तर पुढच्या वेळी एक पायरी गडद रोस्ट घ्यावा. राखेसारखा कडवटपणा जात नसेल तर एक पायरी फिकट. रोस्ट पटला पण दुधात कॉफी दबली, तर रोस्ट तोच ठेवून रोबस्टा असलेले मिश्रण घ्यावे. आवडलेल्या बिया किमान तीन-चार पाकिटे तरी बदलू नयेत. दर वेळी नवे नाव आणण्याच्या हौसेमुळे हात बसत नाही.

पाण्याचा प्रश्न बियांचा नाही, पण तो बियांना बदनाम करतो. शहराच्या बाहेरच्या सोसायट्यांत बोअरवेलचे जड पाणी येते; गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो तोच मशीनच्या आतही धरतो, शिवाय असे पाणी कॉफीची आम्लता दाबून तिला बोथट करते. उलट आरओचे पाणी फारच हलके असेल तर चव पोकळ किंवा टोचरी येते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या स्वस्त टीडीएस मीटरवर ८० ते १५० च्या दरम्यान आकडा येईल असे आरओ आणि साध्या गाळलेल्या पाण्याचे मिश्रण करावे, आणि मगच बियांना नावे ठेवावीत.

बडोद्याच्या हवेत बिया ठेवताना

मान्सून्ड मलबारला घडवणारा दमट वारा कच्च्या बियांना मानवतो. भाजलेल्या बियांना तोच वारा मारक ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पापड जसे उघडे राहत नाहीत तशा कॉफीच्या बियाही राहू देऊ नयेत. ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात आठवडाभराच्या बिया भरून ठेवण्याची सवय पावसाळ्यात पूर्णपणे सोडावी, रोज लागतील तेवढ्याच वजन करून घालाव्यात. बाकीच्या मूळ पाकिटातच, हवा दाबून बाहेर काढून, झिप घट्ट लावून, गॅसच्या शेगडीपासून दूर असलेल्या बंद कपाटात ठेवाव्यात. काचेची सुंदर बरणी ओट्यावर छान दिसते, पण तिच्यात उजेड आणि हवा दोन्ही शिरतात. पावसाळ्यात त्याच दळणावर शॉटची वेळ बदललेली आढळेल. तेव्हा दळण किंचित बदलून पाहावे, बियांना लगेच दोष देऊ नये.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बिया ठेवू नयेत. तिथे ओलावा असतो आणि लसणाच्या चटणीपासून लोणच्यापर्यंत सगळ्यांचे वास असतात. फ्रीझरची गोष्ट वेगळी. एक किलोचे पाकीट स्वस्त पडते म्हणून घ्यायचे असेल, किंवा मे महिन्यात घर दिवसभर बंद राहून तापत असेल, तर बियांना पुरेशी विश्रांती देऊन झाल्यावर आठवड्याला लागतील एवढ्या बिया हवाबंद पिशव्यांत वेगवेगळ्या करून गोठवाव्यात. एक पिशवी बाहेर काढली की ती न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे गार बियांवर बाष्प धरत नाही, आणि एकदा उघडलेली पिशवी पुन्हा आत ठेवू नये. प्रत्येक पिशवीवर भाजल्याची आणि गोठवल्याची अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. फ्रीझरमधले दिवस ताजेपणाच्या हिशेबात फारसे धरायचे नसतात. बाहेर काढल्यानंतरचे मात्र पूर्ण धरायचे.